कॉफीचा आम्लगुण आणि भाजणीचा त्यावर होणारा परिणाम

कॉफीची पारख करणारे व्यापारी एखाद्या मालाची तारीफ करितांना "या कॉफींत आम्लता चांगली आहे" असें म्हणतात, तेव्हां आपल्या इकडील वाचकास तें चमत्कारिक वाटल्यावांचून राहत नाहीं. आंबट हा शब्द आपल्याकडे पेयांच्या बाबतींत बहुधा दोष दाखविण्याकरितांच योजिला जातो. दूध आंबलें म्हणजे तें नासलें. ताक फार आंबलें म्हणजे त्याची कढी करून मोकळें व्हावयाचें. आणि चहा किंवा कॉफी आंबट लागली तर पातेल्याची कल्हई गेली असावी अशी शंका घ्यावयाची. असें असतां परदेशच्या पेठेंत ज्या गुणांवरून कॉफीचा भाव ठरतो, त्यांत या आंबटपणाला अगदीं वरचें स्थान असावें, हें काय गूढ आहे? त्याचा उलगडा करण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. कॉफी पिकविणारास या माहितीचा उपयोग थेट पैशांत होतो. आणि जे केवळ पिणारे आहेत त्यांसही आपल्या पेल्यांतील पदार्थ कसा बनतो हें कळल्यानें कांहीं तोटा होणार नाहीं.

प्रथम एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. कैरी आंबट असते आणि शिळें पिठलेंही आंबतें. पण ह्या दोहोंस कोणी एक मानीत नाहीं. कैरीचा, लिंबाचा किंवा आमसुलाचा आंबटपणा हा फळाच्या अंगचा असतो. तो तोंडाला पाणी सोडवितो, जिभेला तरतरी आणतो, आणि जवळ गोडी असेल तर तिला उठाव देतो. शिळ्या अन्नाचा आंबटपणा जंतूंच्या करणीनें आलेला असतो आणि त्याच्याबरोबर एक उग्र दर्प असतो. कॉफींतही हे दोन्ही प्रकार आढळतात. पारखी लोक ज्याची स्तुति करितात तो पहिला. आणि ज्यामुळें पोतें नाकारलें जातें तो दुसरा. जी कॉफी पितांना तरतरीत वाटते, जिची चव घोट गिळल्यावरही जिभेच्या कडांवर रेंगाळते, तिच्यांत पहिल्या प्रकारची आम्लता असते. ती मुळींच नसली तर कॉफी सपाट आणि लांकडासारखी लागते. मिठावांचून वरण जसें लागतें तसाच कांहींसा हा प्रकार होय.

कॉफी हें पीक महाराष्ट्राचें नव्हे. मेळघाटांत चिखलदऱ्याच्या थंड पठारावर इंग्रजी अमदानीपासून कॉफीची थोडीबहुत झाडें आहेत, तीं सोडलीं तर मराठी शेतकऱ्याचा या झाडाशीं संबंध बाजारांतूनच येतो. देशांतील कॉफीचें खरें माहेरघर म्हणजे कर्नाटकांतील कुर्ग (ज्यास आतां कोडगू म्हणतात), चिकमगळूर आणि हासन हे तीन जिल्हे. त्यांच्या खालोखाल केरळांतील वायनाड, तामिळनाडूंतील निलगिरी, पळणी व शेवरायचे डोंगर, आणि आंध्रांतील अरकूचें खोरें. सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या एका सूफी साधूनें हजच्या यात्रेहून परततांना येमेनांतून सात बिया लपवून आणिल्या आणि चिकमगळूरनजीकच्या डोंगरांत लाविल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्याचेंच नांव आहे. जुन्या मराठींत ज्यांस बुंददाणे म्हणत ते याच झाडाचे. आपल्या देशांत मुख्यतः दोन जातींची लागवड होते: उंच व थंड जागीं अरेबिका, आणि खालच्या उष्ण जागीं रोबस्टा. उत्पन्नाचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग आतां रोबस्टाचा आहे. तथापि आम्लतेची कथा मुख्यतः अरेबिकाची असल्यामुळें रोबस्टाचा उल्लेख येथें तुलनेपुरताच येईल.

आतां हें आम्ल येतें कोठून? भाजणारा तें पदरचें घालीत नाहीं. तें झाडावर, फळाच्या आंत, दाणा भरत असतां सांठतें. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, दाण्यांत सायट्रिक आम्ल, अर्थात् लिंबांत असतें तेंच, शेंकडा एकाच्या आसपास असतें. सफरचंदास रुचि देणारें मॅलिक आम्ल त्याच्या निम्म्याच्या आसपास. याखेरीज क्विनिक आम्ल थोडें आणि फॉस्फोरिक आम्ल अल्प. परंतु सर्वांत मोठा वांटा क्लोरोजेनिक या वर्गांतील आम्लांचा. (नांवांत क्लोर दिसलें तरी क्लोरीन वायूचा यांशीं कांहीं संबंध नाहीं, हिरवट रंगाच्या ग्रीक शब्दावरून हें नांव पडलें आहे.) त्यांचें प्रमाण अरेबिकाच्या सुक्या दाण्यांत शेंकडा ५ ते ८ आणि रोबस्टाच्या दाण्यांत ७ ते १० असतें.

हे आंकडे पाहून कोणी म्हणेल कीं, रोबस्टांत आम्ल अधिक, तेव्हां आंबट लागावयाची ती रोबस्टाच. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. क्लोरोजेनिक आम्लें आंबट कमी आणि तुरट-कडू अधिक. कच्च्या केळ्याप्रमाणें तीं जीभ आंखडवितात. जिभेला रुचणारी आम्लता ही मुख्यतः सायट्रिक व मॅलिक यांसारख्या फळआम्लांची, आणि तिला साथ साखरेची लागते. अरेबिकाच्या दाण्यांत साखर शेंकडा ६ ते ९ असते. रोबस्टांत तिच्या निम्म्याच्या जवळपास. ही साखर भट्टींत काय करिते तें पुढें येईलच.

एकाच जातीच्या कॉफींतही उंचीप्रमाणें फरक पडतो. उंचावर रात्री थंड असतात, फळ सावकाश पिकतें, आणि सावकाश पिकलेल्या फळांतील दाणा घट्ट व भरीव होऊन त्यांत आम्ल व साखर दोन्हीं चांगलीं सांठतात. आपल्याकडील अरेबिकाचे मळे बहुधा एक हजार ते दीड हजार मीटर उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या सावलींत असतात. सावलीही फळास घाईनें पिकूं देत नाहीं. वाणाचेंही महत्त्व आहेच. आफ्रिकेंतील केनया देशाची कॉफी आम्लतेकरितां जगांत नांवाजलेली आहे, आणि त्या कीर्तींत १९३० नंतरच्या दशकांत तेथील स्कॉट प्रयोगशाळेनें निवडलेल्या एस. एल. २८ या वाणाचा मोठा भाग आहे. आपल्याकडे म्हैसूर सरकारनें १९२५ सालीं चिकमगळूर जिल्ह्यांत बाळेहोन्नूर येथें कॉफीचें प्रयोगक्षेत्र काढलें. तेथून निघालेला एस. ७९५ हा वाण तांबेऱ्याच्या रोगास कांहींसा दाद न देणारा म्हणून पसरला. त्याची आम्लता केनयाच्या मानानें सौम्य, पण चव समतोल असते.

झाडानें दिलेली ही ठेव पुढें शेतकऱ्याच्या हातून वाढत नाहीं. बुडूं मात्र शकते. पहिला घात तोडणींत होतो. मजूर महाग, पाऊस डोक्यावर, म्हणून फांदीवरचीं हिरवीं-तांबडीं सर्व फळें एकदम ओरबाडलीं तर हिरव्या फळांचा दाणा तुरट राहतो आणि त्यांत साखर भरलेली नसते. दुसरा घात आंबविण्यांत. फळ तसेंच उन्हांत वाळविलें तर त्या मालास "चेरी" म्हणतात. आणि यंत्रानें साल-गर काढून, दाण्यावरील बुळबुळीत थर टांक्यांत आंबवून, धुऊन वाळविला तर तो "पार्चमेंट". धुतलेल्या मालाची आम्लता अधिक स्वच्छ व स्पष्ट लागते, म्हणून अरेबिकाचा चांगला माल बहुधा असाच तयार करितात. पण टांक्यांतील आंबवण हें दुधारी शस्त्र आहे. बुळबुळ सुटेपर्यंतच दाणे ठेवावयाचे. अरेबिकास हवेप्रमाणें एक ते दीड दिवस. बोटांत चोळून दाणा खरखरीत लागला कीं ताबडतोब धुवावें, घड्याळाकडे पाहात बसूं नये. याहून उशीर झाला, किंवा कालचे दाणे टांक्याच्या कोपऱ्यांत राहून आजच्या मालांत मिसळले, तर दाण्याच्या आंत शिरक्याचा वास शिरतो, आणि अगदीं बिघडलेल्या दाण्यास तर कुजका दर्प येतो. असा एक दाणाही सबंध पेला बिघडवितो. शिळ्या पिठल्याचा जो आंबटपणा वर सांगितला तो हाच.

आतां भट्टीकडे वळूं. ज्या घरांत थालिपिठाच्या भाजणीकरितां धान्य भाजलें जातें किंवा शेंगदाणे खरपूस केले जातात, तेथील बायकांस यांतील अर्धें शास्त्र हातानेंच ठाऊक आहे: आंच किती, हलवावें किती, आणि उतरावें केव्हां. कॉफींत तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हिरव्या दाण्यांत शेंकडा १० ते १२ भाग पाणी असतें. प्रथम तें निघून जातें. दाणा हिरव्याचा फिका आणि मग पिवळा होतो, आणि गवताच्या वासाच्या जागीं भाकरी भाजल्याचा वास येऊं लागतो. दीडशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें तांबूस रंग चढतो. दाण्याची उष्णता १९५ ते २०० अंशांच्या आसपास गेली म्हणजे आंत कोंडलेली वाफ व वायु दाण्याचें अंग फोडून बाहेर पडतात, आणि मक्याच्या लाह्या फुटाव्या तसा आवाज होतो. हा पहिला तडतडाट. दाणा फुगतो आणि त्याच्या अंगचें पातळ फोलपट सुटून उडतें. येथपासून कॉफी पिण्याजोगी होते. आणखी तापवीत गेलें तर आवाज कांहीं वेळ थांबतो, रंग गडद होतो, आणि २२० ते २२५ अंशांच्या सुमारास दुसरा तडतडाट सुरू होतो. हा पहिल्याहून बारीक आणि जलद असतो. वाळलेल्या काटक्या मोडाव्या तसा. दाण्यावर तेल चमकूं लागतें, धूर वाढतो, आणि त्यापुढें कोळसा. वजनही घटत जातें. फिक्या भाजणींत शंभर किलोचे ८७-८८ किलो उरतात; फार गडद भाजणींत ८० च्या जवळपास. दोन तडतडाटांमधील अवधि फार थोडा, कांहीं मिनिटांचाच. पण आम्लतेचें नशीब बहुतेक याच मिनिटांत ठरतें.

या अवधींत निरनिराळीं आम्लें निरनिराळ्या वाटेनें जातात. सायट्रिक व मॅलिक आम्लें उष्णतेनें मोडूं लागतात. मध्यम भाजणीपर्यंत त्यांचा बराच भाग गेलेला असतो आणि गडद भाजणींत फारसा उरत नाहीं. क्लोरोजेनिक आम्लें याहून झपाट्यानें घटतात. मध्यम भाजणींत निम्मीं किंवा त्याहून अधिक गेलीं असें धरावें, आणि दुसऱ्या तडतडाटापलीकडे तीं नांवापुरतीं राहतात. पण गेलीं म्हणजे कोठें गेलीं? कांहींचे तुकडे पडून क्विनिक आम्ल मोकळें होतें. कांहीं आपल्या अंगचें पाणी गमावून लॅक्टोन नांवाच्या कडू पदार्थांत बदलतात. आणि आंच आणखी वाढली म्हणजे त्यांपासूनच अधिक उग्र व घशास झोंबणारे कडू पदार्थ बनतात. फिक्या कॉफीचा सौम्य कडवटपणा आणि काळ्याकुट्ट कॉफीचा करपट कडूपणा यांतील फरक तो हाच. फॉस्फोरिक आम्ल मात्र खनिज असल्यामुळें उष्णतेनें नष्ट होत नाहीं.

साखरेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. भाजल्यावर साखर साखर म्हणून जवळजवळ उरतच नाहीं. तिच्या कांहीं भागाचा रंग व सुगंध होतो, आणि कांहीं भागापासून ॲसेटिक व फॉर्मिक हीं आम्लें नव्यानें तयार होतात. पहिलें शिरक्यांत असतें, दुसरें मुंगीच्या दंशांत. फिक्या व मध्यम भाजणीच्या दरम्यान त्यांचें प्रमाण शिगेस पोंचतें. पुढें तीं उडून जातात. येथें तीं अल्प प्रमाणांत व फळआम्लांच्या संगतींत असल्यानें दोष न होतां चवीस धार आणितात. हें नवें आम्ल तरी भाजणाराच्या कर्तृत्वाचें आहे काय? नाहीं. ज्या दाण्यांत साखर भरली होती त्यांतच तें उपजतें. हिरवीं फळें ओरबाडणाराचा तोटा येथें दुसऱ्यांदा होतो.

रसायनज्ञ आम्लता पी. एच. या मापानें मोजतात. शुद्ध पाण्याचा आंकडा ७. त्याखालीं आंकडा जितका लहान तितकें आम्ल अधिक. लिंबाचा रस २ ते अडीच, दहीं ४ ते साडेचार, आणि दूध साडेसहाच्या किंचित् वर. फिक्या भाजणीच्या अरेबिकाची कॉफी ४.८ ते ५ च्या आसपास भरते, आणि गडद भाजणीची ५.३ ते ५.६. म्हणजे आंबटांतली आंबट कॉफीही दह्याहून सौम्यच. फरक दिसावयास लहान वाटतो; परंतु या मापांत एका अंकाचा फरक म्हणजे दसपट असा हिशेब असल्यानें अर्ध्या अंकाचा फरक सुमारें तिपटीचा होतो, आणि जिभेस तो सहज कळतो. हें माप आम्लाचें बळ सांगतें, कुळशील सांगत नाहीं. टांक्यांत बिघडलेल्या मालाचा आणि उत्तम पिकलेल्या मालाचा आंकडा एकच येऊं शकेल. निवाडा शेवटीं जिभेनेंच करावा लागतो. कॉफीच्या पेढ्यांत लाखों रुपयांचे सौदे अद्याप चमच्यानें भुरका मारून ठरतात, यांत आम्हांस तरी कांहीं मागासलेपण दिसत नाहीं.

भाजणीच्या वेगाचाही परिणाम होतो. चांगल्या आंचेवर लौकर भाजलेल्या कॉफींत आम्लता अधिक टिकते. मंद आंचेवर रेंगाळत भाजलेली कॉफी रंगानें तितकीच दिसली तरी चवीस निर्जीव होते. पाण्याचें तर विचारूंच नये. दख्खनच्या काळ्या कातळांतील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. त्यांतील क्षार आम्लास मारतात. अशा पाण्यांत डाळ शिजत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. कॉफीची आम्लताही त्यांत खुलत नाहीं, हें तितकें ठाऊक नाहीं.

भट्टीवांचूनही आम्लता घालवितां येते, याचें उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. शिडाच्या जहाजांच्या काळीं मलबारांतून निघालेली कॉफी आफ्रिकेस वळसा घालून युरोपास पोंचावयास कित्येक महिने लागत. तेवढ्या मुदतींत समुद्राच्या दमट हवेनें दाणे फुगून पिवळट होत आणि त्यांची आम्लता जवळजवळ नाहींशी होई. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावर प्रवास आटोपशीर झाला, माल हिरवा व ताजा पोंचूं लागला; पण उत्तर युरोपांतील कांहीं गिऱ्हाइकांस जुनीच मऊ चव हवी होती! तेव्हां किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनीं तोच परिणाम घरबसल्या साधण्याची युक्ति काढिली. मंगळूर व तेलिचेरीच्या बाजूस, बाजूंनीं मोकळ्या असलेल्या कोठारांत, जून ते सप्टेंबर या महिन्यांत चेरी जातीचे दाणे जमिनीवर पसरतात, वरचेवर फावड्यांनीं वरखालीं करितात, मग पोत्यांत सैल भरून वारा खेळेल अशा ओळींत रचितात आणि पुन्हां ओततात. पावसाळी वारा दाण्यांत ओलावा भरतो. दाणा फुगतो, सोनेरी-फिका होतो, आणि आंबटपणा उतरतो. "मॉन्सून्ड मलबार" या नांवानें हा माल ओळखला जातो व त्यास भौगोलिक नांवाचें कायदेशीर संरक्षणही मिळालें आहे. आम्लता म्हणजे सर्वस्व नव्हे, हें यावरून दिसेल. गिऱ्हाईक जाणून-बुजून ती नको म्हणतें तेव्हां तिच्या अभावालाही किंमत येते. नुकसान होतें तें अजाणतां गेलेल्या आम्लतेचें.

आपल्या देशांतील पिण्याची रीत पाहिली तर ही आम्लता आपण अजाणतांच घालवितों असें म्हणणें भाग आहे. मद्रास-म्हैसूरकडील कॉफी आणि तिच्याबरोबर माटुंग्याच्या उपाहारगृहांतून मुंबईकरांच्या तोंडीं बसलेली कॉफी ही बहुधा गडद भाजलेली, चिकोरी मिसळलेली, आणि दुधासाखरेंत शिजलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचें भाजलेलें मूळ. तिनें रंग, दाटपणा व कडवटपणा येतो, आणि खर्च कमी होतो. कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी निदान शेंकडा ५१ भाग असली पाहिजे. अर्थात् उरलेले ४९ भाग चिकोरीस मोकळे आहेत. दुधाचा धर्मही आम्लास शांत करण्याचा आहे. या पेयाची आम्ही निंदा करीत नाहीं. पितळी डबऱ्यांत वरून ओतून फेंसाळलेली ती कॉफी आम्हांसही प्रिय आहे, आणि दुधाशीं गडद भाजणीच जमते, फिकी जमत नाहीं. परंतु त्या पेल्यांत डोंगरमाथ्यावरच्या निवडक फळांची कॉफी आणि ओरबाडलेल्या हिरव्या फळांची कॉफी यांतील अंतर बुजून जातें. भाजणी गडद केली म्हणजे मळ्याचा गुण जातो आणि मळ्याचा दोषही झांकतो.

येथें शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न उभा राहतो. १९४२ च्या कायद्यानें कॉफी बोर्डाची घडी बसली. युद्धामुळें युरोपची पेठ बंद पडली असतां मळेवाल्यांस आपला माल बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत घालावा लागे, बोर्ड तो विकी, आणि प्रतवारीप्रमाणें ज्याला त्याला पैसे मिळत. त्या व्यवस्थेनें पुष्कळांस तारलें यांत शंका नाहीं. पण एकाचा माल दुसऱ्याच्या मालांत मिसळला जात असल्यामुळें आपल्या कॉफीची चव काय आहे हें जाणण्याचें शेतकऱ्यास कारणच उरलें नाहीं. पुढें १९९० नंतर ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें उठली आणि १९९६ पासून माल ज्याचा त्यानें विकावयाचा झाला. कॉफी पिकविणारांत बहुसंख्य दहा हेक्टरांच्या आंतील लहान शेतकरी आहेत. ते वजनावर व दाण्याच्या आकारावर सौदा करितात. घेणारा मात्र नमुना नेऊन फिका भाजतो, चाखतो, आणि मग भाव बोलतो. फिका भाजतो तो अशाकरितां कीं, फिक्या भाजणींत गुण आणि दोष दोन्ही उघडे पडतात. घेणारास मालाचें अंतरंग ठाऊक आणि विकणारास नाहीं, अशा सौद्यांत कोणाचें पारडें जड राहील हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. गुळाच्या पेठेंत ढेप फोडून, खडा तोंडांत टाकून मग भाव सांगणारा शेतकरी आपण रोज पाहतों. कॉफीवाल्यानें आपला माल न चाखतां विकावा हें विपरीत नव्हे काय?

एका शंकेचा निकाल येथेंच लावूं. आम्लपित्ताची खोड असलेले पुष्कळ लोक आम्लतेचें नांव ऐकूनच दचकतात. जठरांतील रस स्वतः इतका तीव्र असतो कीं, पेल्यांतील आम्लाची त्यापुढें मातब्बरी नाहीं. कॉफीनें पोटांत जळजळ होते ती मुख्यतः तिच्यांतील कॅफिन व इतर द्रव्यें जठरास अधिक रस सोडावयास लावितात म्हणून. आणि कॅफिन भाजणीनें फारसें घटत नाहीं. ज्यांस कॉफी बाधते त्यांनीं ती कमी प्यावी, उपाशीं पोटीं पिऊं नये. आंबट कोणती आणि कडू कोणती या वादांत पडूं नये.

आपल्या मालाची परीक्षा घरीं करण्यास यंत्र लागत नाहीं. पार्चमेंटचे वाळलेले दाणे उखळांत हलकेच कांडून टरफल काढावें व पाखडावें. फुटके, काळे व किडके दाणे वेंचून टाकावेत. शंभर-शंभर ग्रॅमचे तीन वांटे करावेत. जाड लोखंडी कढई आधीं तापवून एकेक वांटा स्वतंत्र भाजावा, उलथणें क्षणभरही थांबवूं नये, आणि दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दहा-बारा मिनिटांत पहिला तडतडाट होईल. पहिला वांटा तो आवाज संपतां संपतां उतरावा. दुसरा त्यानंतर थोड्या वेळानें, दुसरा आवाज सुरू होण्यापूर्वीं. तिसरा दुसऱ्या आवाजाच्या भरांत. उतरल्यावर दाणे लगेच मोठ्या चाळणींत ओतून वाऱ्यावर धरावेत, नाहींतर कढईबाहेरही ते आंतल्या आंत भाजत राहतात. एक दिवस झांकून ठेवून दुसऱ्या दिवशीं जाडसर दळावेत. पेल्यांत सुमारें आठ ग्रॅम पूड घेऊन तीवर उकळी येऊन नुकतेंच उतरलेलें दीडशें मिलिलिटर पाणी ओतावें. दूध-साखर घालूं नये. चार मिनिटांनीं वरची साय चमच्यानें मोडावी, वास घ्यावा, आणि कोमट झाल्यावर चाखावें. फार कढत असतां आम्लता लपते व निवतां निवतां ती वर येते.

पहिल्या पेल्यांत लिंबा-संत्र्याची आठवण देणारी स्वच्छ चव आली आणि मागून थोडी गोडी जाणवली, तर माल चांगला पिकलेला व नीट धुतलेला आहे. जीभ आंखडली तर हिरव्या फळांचा भाग जास्त. शिरक्याचा वास आला तर टांकी तपासावी. तिसऱ्या पेल्यांत या तिन्ही मालांची चव बहुतेक सारखीच लागेल. हे पेले चाखून मग वेगवेगळ्या दिवशींच्या तोडणीचे व वेगवेगळ्या टांक्यांतले नमुने चिठ्ठ्या लावून निराळे ठेवावेत, आणि व्यापारी नमुना न्यावयास येईल तेव्हां त्याच्या हातीं कोणता द्यावयाचा तें आधीं ठरवून ठेवावें.